शिदोरी किती, ओझे कुणाचे?

लांबच्या पायी प्रवासाला निघताना पाठीवर काय घ्यायचे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. घरातल्यांनी आणि आधी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी मिळून सोडवावा, असा. त्यावर वैचारिक लेख कशाला लिहायचा, असेही कोणी म्हणेल. पण थोडे खोलात शिरले की ध्यानात येते, की ही लहानशी पिशवी भरताना माणूस एकामागून एक नैतिक निर्णय घेत असतो. आपली गरज किती आणि भीती किती? जे आपण घेणार नाही, ते वाटेत आपल्याला कोण देणार? आणि जे आपण घेतले आहे, त्यावर वाटेतल्या दुसऱ्या कुणाचा काही हक्क आहे का? हे प्रश्न पिशवीपुरते राहत नाहीत. म्हणून आम्ही ती इथे उघडून पाहणार आहोत.

आपल्या समाजाला या प्रश्नाचे सर्वांत परिचित रूप हजच्या दिवसांत भेटते. हाजीची मोठी सुटकेस मक्केत अजीजियाच्या खोलीत राहते. जिलहिज्जाच्या ८ तारखेला मिनाकडे निघताना तो एक लहान पिशवी खांद्याला लावतो आणि पुढचे चार-पाच दिवस तीच त्याचा संसार असते. मिनाहून अराफात सुमारे १४ किलोमीटर, अराफातहून मुजदलिफा सुमारे ९ किलोमीटर. बस आहेत, २०१० पासून मशाइर रेल्वेही आहे. तरीही मुजदलिफाहून मिना, तिथून जमरात आणि परत, एवढे तर बहुतेकांना चालावेच लागते. आणि पुष्कळ लोक सगळाच मार्ग पायी चालतात. मुजदलिफाची रात्र उघड्या आभाळाखाली काढायची असते. त्यात पुरुषाच्या अंगावर इहरामच्या दोन चादरी. शिवण नाही, म्हणून खिसाही नाही. कमरेला पैशाचा पट्टा बांधावा की नाही, यावर जुन्या फकीहांनी चर्चा केली आणि बहुतेकांनी परवानगी दिली. माणूस अल्लाहच्या दारी निघाला असला, तरी त्याला चार वस्तू जवळ बाळगाव्या लागतात, हे धर्मशास्त्रानेही ओळखले होते.

या चार वस्तूंची यादी आता गावोगावच्या प्रशिक्षण शिबिरांत सांगितली जाते. घडी होणारी चटई, हवा भरायची उशी, पाण्याची बाटली, तोंडावर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. छत्री हवीच, कारण इहराममध्ये पुरुषाला टोपी किंवा रुमालाने डोके झाकता येत नाही. बिनवासाचा साबण, केस कापायला लहान कात्री, चपला ठेवायला कापडी पिशवी, खडे गोळा करायला छोटा बटवा. खजूर, भाजलेले चणे, बिस्किटे. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे. दुआंची पुस्तिका, तसबीह, मोबाईल आणि त्याचा चार्जर. यादी वाढत जाते. जाऊन आलेला प्रत्येकजण तीत एखादी वस्तू घालतो. काढून टाका असे सांगणारा क्वचितच भेटतो.

याच्या अगदी उलट टोकाची माणसेही इतिहासात होऊन गेली. बुखारीमध्ये हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्याकडून आलेली एक नोंद आहे. यमनकडचे काही लोक हजला येताना शिदोरीच आणत नसत. आम्ही तवक्कुल करणारे, अल्लाहवर भरवसा ठेवणारे, असे म्हणत. मग मक्केत पोहोचले की लोकांपुढे हात पसरत. सूरह बकराच्या १९७व्या आयतीत शिदोरी सोबत घेण्याची आज्ञा आहे, ती या प्रसंगाला धरून आली, असे ते सांगतात. सर्वांत चांगली शिदोरी तकवा होय, हेही त्याच आयतीत पुढे आले आहे. आपल्याकडे वाजातून बहुधा हा दुसरा भागच ऐकू येतो, कारण तो बोलायला गोड आहे. पहिला भाग रोकडा आहे. भाकरी बांधून घ्या, मग निघा. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, ही तिरमिजीतली हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

यमनी यात्रेकरूंच्या या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे. त्यांनी शिदोरी घेतली नाही म्हणून त्यांचे ओझे नाहीसे झाले का? त्यांना भूक लागायची ती लागलीच. फक्त ती भागवण्याचा भार मक्केतल्या लोकांवर गेला. आपण रिकाम्या हाताने निघालो याचा अभिमान धरणाऱ्याने हे पाहिले पाहिजे, की त्याचे वजन आता कोणाच्या खांद्यावर आहे. निरिच्छपणा आणि परावलंबन यांचे बाहेरून दिसणारे रूप पुष्कळदा सारखेच असते. दोघांचीही पिशवी हलकी असते. त्यांतला फरक वाटेत, दुपारच्या जेवणाच्या वेळी कळतो.

तेव्हा पहिला नियम असा निघतो, की आपण कुणावर भार होऊ नये इतके सोबत घ्यावे. पण या नियमाच्या आधारावर माणूस कुठवर जाऊ शकतो, हेही पाहू. जहाजाचा काळ आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. मुंबईहून हजची जहाजे १९९५पर्यंत जात होती. त्या प्रवासाला पत्र्याच्या ट्रंका, तांदळा-डाळीच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या असा सरंजाम असे आणि तो वाजवीच होता. वाट लांबची आणि परतायला महिने लागायचे. शिवाय तो भार जहाज वाहत होते. तीच सवय पाठीवरच्या पिशवीत आली की घोटाळा होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. यात कुणाचा वशिला चालत नाही. दोन बाटल्या, जाड चादर, जादा कपड्यांचे दोन जोड, डबाभर चिवडा आणि हे लागलेच तर, ते लागलेच तर म्हणून घेतलेल्या दहा वस्तू. साठीतल्या माणसाच्या खांद्यावर हे सगळे दोन-तीन तास उन्हात राहिले की त्याचा तोल जातो. मग त्याची पिशवी शेजारचा घेतो, हात धरून त्याला शेजारचाच चालवतो. कुणावर भार होऊ नये म्हणून सगळे घेतले आणि त्यामुळेच भार झाला. अतिशय कमी आणि अतिशय जास्त, दोन्ही वाटा शेवटी शेजाऱ्याच्या खांद्यापाशी येऊन मिळतात.

मग मध्यम किती? अमुक किलो घ्या, तमुक वस्तू गाळा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्याच्या मागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जास्त म्हणजे नेमके काय, हे कोण ठरवणार? सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सईद खुदरी (र.) यांनी सांगितलेली एका प्रवासातली घटना आहे. एक माणूस सवारीवर बसून आला आणि उजवीकडे-डावीकडे पाहू लागला. त्याने तोंडाने काही मागितले नव्हते. प्रेषितांनी (स.) त्याची नजर ओळखली आणि सोबतच्यांना सांगितले, की ज्याच्याजवळ जादा जनावर आहे त्याने ते ज्याच्याकडे नाही त्याला द्यावे, ज्याच्याजवळ जादा शिदोरी आहे त्याने ती शिदोरी नसलेल्याला द्यावी. मग एकेका वस्तूचे नाव घेत ते असे सांगत गेले, की ऐकणाऱ्यांना वाटू लागले, गरजेहून जास्त असलेल्या कशावरही आपला हक्कच नाही.

ही घटना वाटेवरची आहे, हे आम्हाला लक्षणीय वाटते. घरी असताना जादा वस्तूला कपाट असते. तिथे ती दिसत नाही, टोचत नाही. वाटेवर तिचे वजन खांद्याला कळते आणि ज्याच्याकडे ती नाही तो दहा पावलांवर चालत असतो. एकाच वेळी एकाला ती जड झालेली असते आणि दुसऱ्याला हवी असते. अशअरी जमातीच्या लोकांची रीत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आली आहे. मोहिमेत किंवा घरी अन्न कमी पडू लागले, की ते सगळ्यांजवळचे अन्न एका कापडावर गोळा करत आणि एकाच भांड्याने मापून सारखे वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी फार आपलेपणाने उद्गार काढले आहेत. त्या कापडावर कुणाची शिदोरी किती होती, हे विचारले जात नव्हते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सगळेच जादा वस्तू वाटू लागले, तर आळशी माणूस रिकामाच निघणार नाही का? यमनी लोकांनी तेच तर केले होते! आम्हाला वाटते, या दोन शिकवणी परस्परविरोधी नाहीत. त्या वेगवेगळ्या माणसांना सांगितल्या आहेत. शिदोरी घे, ही आज्ञा निघणाऱ्याला आहे. जादा दे, ही आज्ञा ज्याच्याजवळ आहे त्याला आहे. गफलत होते ती आपण त्या उलट्या वाचतो तेव्हा. पिशवी भरलेला माणूस रिकाम्या माणसाला ऐकवतो, की तू शिदोरी घेऊन का आला नाहीस? आणि रिकामा माणूस भरलेल्याला ऐकवतो, की तुझ्या जादा वस्तूंवर माझा हक्क आहे. दोघेही दुसऱ्याची आयत वाचत असतात.

सगळ्यांचे खांदेही सारखे नसतात. सत्तरीतल्या बाईंना स्वतःचे पाणीदेखील वाहवत नाही. पंचविशीतला मुलगा तिघांचे घेऊन चालतो. आपले ओझे आपण वाहावे, हे तत्त्व बरोबर धरले, तरी ते तागडीने मोजून चालणार नाही, ताकदीने मोजावे लागेल. बद्रला जाताना उंट थोडे होते. तीन-तीन माणसे एका उंटावर पाळीपाळीने बसत. प्रेषितांच्या (स.) वाट्याला हजरत अली आणि हजरत अबू लुबाबा (र.) होते. त्या दोघांनी आमच्या पाळीचे आम्ही चालतो, आपण बसून राहा, अशी विनंती केली. ती त्यांनी मानली नाही. आपण काही त्यांच्याहून कमी ताकदीचे नाही आणि पुण्याची गरजही आपल्याला त्यांच्यापेक्षा कमी नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ताकद असलेल्याने मोठेपणाचा आधार घेऊन पाळी चुकवू नये, हे त्यातून स्पष्ट होते.

कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनात अनेक ठिकाणी आले आहे. सूरह फातिरच्या १८व्या आयतीत तर भाराने वाकलेला जीव मदतीला हाक मारील आणि जवळचा नातलगही त्यातले काही उचलणार नाही, असे चित्र आहे. ते चित्र कयामतचे आहे, पापपुण्याच्या हिशोबाचे आहे. आपण मात्र ते पुष्कळदा इथल्या रस्त्यावर आणतो आणि ज्याचे त्याने पाहावे म्हणतो. हजरत उमर (र.) यांनी त्याच विचारातून अगदी वेगळा अर्थ काढला. रात्री मदीनेबाहेर उपाशी मुलांची आई त्यांना दिसली, तेव्हा त्यांनी कोठारातून पिठाची गोणी काढली आणि ती आपल्या पाठीवर ठेवायला सांगितली. सोबतचा अस्लम म्हणाला, मी घेतो. त्यावर त्यांनी विचारले, की कयामतच्या दिवशी माझे ओझे तू वाहणार आहेस काय? तिथे कुणी वाहणार नाही, म्हणून इथे ते स्वतः उचलायला निघाले. एकाच वचनातून एक माणूस हात झटकायला शिकतो आणि दुसरा पाठ पुढे करायला.

या लहान पिशवीबाबत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ती लहान राहू शकते, कारण मोठी पिशवी दुसरे कोणीतरी वाहत असते. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीत वारकऱ्याच्या खांद्याला पडशी असते, हातात टाळ किंवा पताका. अंथरूण, तंबू, शिधा, भांडी दिंडीच्या ट्रकमधून पुढे जातात. त्यासाठी तो भिशी भरतो. तुकोबांची पालखी देहूतून निघाल्यावर पहिल्यांदा थांबते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी, म्हणून ही वाट आपल्याला परकी नाही. हजमध्येही तेच. आपण पिशवी घेऊन मिनाच्या तंबूत पोहोचतो, तेव्हा गादी आधीच अंथरलेली असते. जेवण कुणीतरी शिजवलेले असते, कचरा कुणीतरी उचलत असतो. त्यांतले पुष्कळ हात बांगलादेशातून, पाकिस्तानातून आणि आपल्याही देशातून पोटासाठी तिथे गेलेले असतात.

दुसऱ्याकडून ओझे वाहून घेणे गैर आहे, असे आम्ही म्हणत नाही. मजुरी हा हलालचा व्यवहार आहे. प्रश्न आहे तो, वाहणारा आपल्याला दिसतो का, हा. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सोबती घेऊन साबरमतीहून दांडीला निघाले. सुमारे ३८५ किलोमीटरची वाट, प्रत्येकाजवळ गरजेपुरत्या वस्तूंची खांद्यावरची पिशवी. साधेपणाचा एवढा आग्रह असलेली दुसरी यात्रा सापडणे कठीण. तरी २९ मार्चला सुरत जिल्ह्यातल्या भटगाम इथे गांधीजींनी आपल्याच माणसांना कडक शब्दांत सुनावले. त्यांच्यासाठी सुरतेहून मोटारीने दूध आणले जात होते. रात्रीच्या वाटेवर एक मजूर डोक्यावर जड बत्ती घेऊन चालत होता आणि भरभर चाल म्हणून त्याला ढकलले जात होते. ते दृश्य त्यांना सहन झाले नाही. प्रत्येकाची पिशवी हलकी होती. बत्ती मात्र त्या मजुराच्या डोक्यावर होती. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात त्या सत्याग्रहाची धुरा बडोद्याचे माजी न्यायमूर्ती अब्बास तय्यबजी यांनी घेतली, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. हाताखालच्या माणसावर ताकदीबाहेरचे काम टाकू नका आणि टाकलेच तर त्याला मदत करा, ही बुखारीतली हदीस त्या बत्तीवाल्या मजुराला तंतोतंत लागू पडते.

या साऱ्या विचाराची कसोटी जून २०२४मध्ये लागली. त्या वर्षी १८ लाखांहून अधिक लोक हजला होते. मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने जाहीर केलेला मृतांचा आकडा १३०१ होता, आणि त्यांतले ८३ टक्के विनापरवाना आलेले होते. परवाना नाही म्हणून तंबू नाही, बस नाही. पाठीवरची पिशवी घेऊन ते भर उन्हात मैलोगणती चालले. त्यांच्यातही पाण्याची बाटली आणि छत्री घेतलेले असणारच. म्हणजे पिशवीची मर्यादा इथे संपली. सावली पिशवीत भरता येत नाही. ती सगळ्यांनी मिळून आधीच उभी करावी लागते.

त्यांनी नियम मोडला, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. नियमाला कारणही आहे. मिनाची जागा मोजकी आहे आणि परवान्याशिवाय येणारा दुसऱ्याच्या वाट्याच्या जागेवर ताण आणतो. पण त्यांना भेटीच्या व्हिसावर पाठवणारे दलाल होते, पैसे घेणाऱ्या कंपन्या होत्या. इजिप्त सरकारने त्या महिन्यात अशा १६ कंपन्यांचे परवाने रद्द केले. आणि थोडा भाग आपल्याकडेही येतो. हज फर्ज आहे तो इस्तिताअत असलेल्यावर, म्हणजे ज्याच्याजवळ वाटखर्च, सवारी आणि वाटेची सुरक्षितता आहे त्याच्यावर. ज्याला ती नाही, त्याच्यावर अल्लाहने भार टाकलेला नाही. तो भार समाज टाकतो. हार, दावती, नावामागे लागणारा हाजी हा शब्द आणि अमका जाऊन आला, तू कधी जाणार, हा प्रत्येक ईदला विचारला जाणारा प्रश्न. गरीब माणसाच्या पिशवीत सर्वांत जड हेच असते आणि ते आपण भरलेले असते.

आणि समजा, अशा उन्हात, अशा वाटेवर, परवाना नसलेला एखादा माणूस शेजारी खाली बसला. आपल्या पिशवीत अर्धी बाटली पाणी उरले आहे, तंबू अजून तीन किलोमीटर दूर आहे. तो नियम मोडून आला आहे, हे खरे. आपण सगळे नीट करून आलो आहोत, हेही खरे. तो काही मागत नाही; उजवीकडे-डावीकडे पाहतो आहे. तेव्हा बाटली उघडायची की नाही, याचे उत्तर आमच्या मते त्याच्या परवान्यावर अवलंबून असू शकत नाही. तहानेला परवाना विचारणारी शिकवण आम्हाला आपल्या दीनमध्ये कुठे दिसलेली नाही. आपल्याला पुढचे तीन किलोमीटर पुरेल एवढे ठेवून उरलेले त्याचे, हा कमीत कमी हिशोब झाला. त्याहून जास्त देणारा मोठा. त्याहून कमी देणाऱ्याने मात्र आपल्या पिशवीला शिदोरी म्हणू नये.

म्हणून या लेखाच्या शेवटी आमची सूचना साधी आहे. प्रशिक्षण शिबिरांतून जी यादी वाटली जाते, तीतून दोन-चार वस्तू गाळाव्यात आणि दोन ओळी वाढवाव्यात. पहिली, ज्याला उचलता येईल त्याने पाण्याची एक लहान बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटे अनोळखी माणसासाठी घ्यावीत आणि ती पिशवीत वरच्या बाजूला ठेवावीत. दुसरी, गटातल्या ज्यांना वाहवत नाही, त्यांच्या पिशव्या कोण घेणार, हे निघण्यापूर्वी नावानिशी ठरवावे. वाटेत दमछाक झाल्यावर नको. मुजदलिफात गोळा केलेले ४९ खडे तीन दिवसांत जमरातवर संपतात आणि बटवा रिकामा परत येतो. वाढवलेल्या वस्तूंचेही तसेच व्हावे. त्या परत घरी आल्या, तर त्या का उरल्या, याचा विचार हाजीने जरूर करावा.